गेली म्हणजे कुठं?

आमच्या मॅडमनी ऑफिसात एका शब्दावर बंदी घातली होती. शिव्यांवर नव्हती. त्या स्वतःच अधूनमधून एखादी त्यांच्या मोहल्ल्यातली, अस्सल औरंगपुऱ्यातली शिवी हासडत आणि मग काहीच न घडल्यासारखा पदर सारखा करत. बंदी होती ती 'गेली' या शब्दावर. 'लाईट गेली' म्हटलं तरी त्या मान वर न करता विचारत, "कुठं?" एकदा हॉस्पिटलच्या दारातून माझी नवी कोरी चप्पल चोरीला गेली. मी तणतणत आत आले.

"मॅडम, चप्पल गेली माझी."

"कुठं?"

"ते माहीत असतं तर घालून आले नसते का?"

"मग सापडत नाही म्हण. गेली म्हणू नकोस."

त्या दिवशी मी अनवाणी घरी गेले आणि रस्ताभर मनातल्या मनात मॅडमना नको नको ते बोलले. पण चटके बसत असतानाही मला ठाऊक होतं की बाई चुकीचं बोलत नाहीये.

आमचं ऑफिस म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, चादरी वाळत घालायच्या जागेशेजारच्या दोन खोल्या. काम कॅन्सरच्या नोंदणीचं. आमच्या भागातल्या ज्या ज्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला तिची नोंद ठेवायची आणि मग दर वर्षी चौकशी करायची, बाई आहे का? एवढंच. हा रोग देशात वाढतोय का, कुठल्या वयात होतोय, उपचारानंतर पाच वर्षांनी किती बायका हयात असतात, असल्या गोष्टी आपण पेपरात वाचतो. त्यांची सुरुवात अशाच एखाद्या कोंदट खोलीतल्या फोनवर होते. मी तिथं समाजसेविका म्हणून लागले होते. मॅडम संख्याशास्त्राच्या, आणि ऑफिसच्या प्रमुख.

आता गंमत बघा. आपण फोन करायचा, "बाई आहेत का हो?" पलीकडून कुणीतरी म्हणणार, "नाय, गेली." आपल्या भाषेत बाई कुठंही जाते. शेतात जाते, लग्नाला जाते, दळणाला जाते, लेकीच्या बाळंतपणाला जाते. आणि देवाघरी जाते तेव्हाही गेलीच म्हणतात. सकाळपासून फोन करून कान लाल झालेली ऑपरेटर मुलगी शेवटचं ते समजून चालते, एक बटण दाबते, आणि दळण घेऊन परत आलेली बाई सरकारदरबारी मेलेली असते. "आपल्याकडच्या निम्म्या बायका रोगानं मरतात आणि निम्म्या व्याकरणानं," असं मॅडम म्हणत. हा हिशेब मी असा लिहिलेला त्यांना दिसला तर माझी खैर नाही. पुराव्याशिवाय 'निम्म्या' हा शब्द त्या स्वतःला तेवढा माफ करायच्या, दुसऱ्याला नाही.

दिसायला मॅडम म्हणजे उंच, काटकुळ्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे धावायचे बूट. मनगटावर वडलांचं मोठं घड्याळ, ते खाली घसरू नये म्हणून वर रबरबँड. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि खाली दिवसभर पितळ बडवत असल्यामुळे त्या ऑफिसात असतानाही मोठ्यानंच बोलत. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला त्या 'जावईबापू' म्हणायच्या. एसी त्याच्यासाठी, धूळ लागू नये म्हणून झालरीचा अभ्रा त्याला, आणि एवढं करून ऐन कामाच्या दिवशी रुसून बसणार तोच. तो बंद पडला की त्या पर्समधून फुटाणे काढून त्याच्यासमोर दोन ठेवत. आपण हसलो तर आपल्याला मिळायचे नाहीत.

पत्रकारांशी त्यांचं कधी जमलं नाही. एक तरुण पत्रकार आला, चांगला होता बिचारा, वही काढून म्हणाला, "मॅडम, मराठवाड्यातल्या महिलांना कॅन्सरचा विळखा पडतोय असं म्हणता येईल का?"

"विळखा साप घालतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही साप पाहिला का?"

"म्हणजे केसेस वाढतायत ना?"

"वाढतायत. पण किती खरंच वाढल्या आणि किती आधी घरातच झाकून राहायच्या त्या आता दिसायला लागल्या, ते वेगळं काढायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ तुमचा पेपर थांबेल का?"

पेपर काही थांबला नाही. विळखाच छापून आला. मॅडमनी ते पान घडी घालून जावईबापूच्या टेबलाखाली ठेवलं, कारण त्याचा एक पाय जरा आखूड होता.

आमच्या शहराचं नाव बदललं त्या सुमाराची गोष्ट. ऑफिसात काहीजण जुन्या नावानं नोंदी करत, काहीजण नव्या नावानं, आणि जावईबापूनं एका शहराची दोन शहरं केली. आम्ही वैतागलो. मॅडम मात्र खुशीत. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "आता कळलं का मी इतकी वर्षं काय बोंबलतेय ते? शहराचं नाव बदललं तरी शहर एकदाच मोजायचं. मग लग्नात बाईचं नाव बदललं तर तिला दोनदा का मोजता?" खरंच होतं. भाऊ दवाखान्यात घेऊन आला की माहेरचं नाव, नवरा घेऊन आला की सासरचं. काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. एकच बाई एका नावानं उपचार घ्यायची आणि दुसऱ्या नावानं हरवायची. मॅडमचा नियमच होता, पहिला प्रश्न रोगाचा नाही, माहेरच्या नावाचा.

पण मला मॅडम खऱ्या कळल्या त्या एका गावातल्या बैठकीत. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. मंदिरापुढच्या मंडपात बायका जमल्या होत्या. स्वतःची तपासणी कशी करावी, गाठ हाताला लागली तर लाजू नये, लगेच दाखवावं, असं मी सांगत होते. मी चांगलं बोलते, असं मला तेव्हा वाटायचं. मधूनच एक ठसठशीत म्हातारी उठली.

"पोरी, कशाला दाखवायचं? आमच्या गावात दोघींना झालं. दोघी बी गेल्या. ह्यातून कोण वाचतंय व्हय?"

मॅडमनी नेहमीप्रमाणं "कुठं?" विचारलं नाही. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या जबड्याची शीर ताणली होती आणि नजर समोरच्या घंटेवर खिळली होती. आम्हा दोघींना माहीत होतं की त्याच गावच्या आणखी दोन बायकांना हा रोग झाला होता, दोघी बऱ्या होऊन सात-आठ वर्षं उलटली होती, आणि दोघी या क्षणी त्याच मंडपात बसल्या होत्या. एक तर त्या म्हातारीला खेटून. त्यांनी शहरात येऊन, गर्भाशयाचं ऑपरेशन आहे असं गावाला सांगून उपचार घेतले होते. लेकीबाळींची लग्नं व्हायची होती ना.

मॅडमनी चुकूनसुद्धा त्यांच्याकडं पाहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "आजी, वाचतात. लई वाचतात. पण वाचलेली बाई सांगत नाही हो कुणाला."

परत येताना जीपमध्ये त्यांनी पर्स उघडली. मग फुटाणे चघळत म्हणाल्या, "बघ, मरते तिचं सगळ्या गावाला कळतं. जगते तिचं कुणाला कळत नाही. मग लोकांनी काय समजायचं? आणि आपल्याकडं तरी काय? बरी झालेली कशाला येईल आपल्याला सांगायला? तिची ज्वारी काढायची असते." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई 'आहे का' विचारण्याचा एवढा ध्यास का घेते. तिला जिवंत बायका मोजून दाखवायच्या होत्या.

घरोघरी जाताना त्यांची आणखी एक खोड होती. पाणी मागायच्या. घरात शिरल्या, बसल्या की पाणी. आणि पेला तोंडाजवळ न्यायच्या आधी विचारायच्या, "तुमच्या बाईंचा पेला कुठला? त्यातच द्या." कारण पुष्कळ घरांत, चांगल्या शिकलेल्या घरांतसुद्धा, बाईचं ताट-पेला वेगळं काढलेलं असायचं. कॅन्सर लागट असतो असा समज. मॅडम भाषण देत नसत. त्या पेल्याला तोंड लावून, वरून न ओतता, घटाघटा पाणी पीत आणि तोच पेला माझ्या हातात देत. मी पहिल्यांदा घेतला तेव्हा, खरं सांगते, माझाही हात क्षणभर अडखळला. समाजसेविकेचा.

तर, लासूर स्टेशनची गोष्ट. पाच वर्षांचे आकडे वर पाठवायची वेळ आली होती. मॅडम प्रत्येक मृत्यूची नोंद स्वतः तपासत. लासूर स्टेशनच्या एका सुनीताबाईंची नोंद आली. चाळिशीची बाई, ऑपरेशन झालेलं, पुढं पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची असं ठरलेलं. ऑपरेटर मुलीनं मृत लिहिलं होतं. मॅडमनी तिला बोलावलं.

"फोन कुणी घेतला?"

"दिरानं. म्हणला, गेली ती. आन् ठेवला फोन."

"पुढं काही बोलला नाही?"

"नाही मॅडम."

"मग मेली नाही." मॅडमनी चष्मा काढला. "घरातलं माणूस वारलं की फोनवरचा माणूस थांबतो. कधी ऑफ झाली ते सांगतो, लई हाल झाले म्हणतो, डॉक्टरला शिव्या घालतो. नुसतं 'गेली' म्हणून फोन आपटतो त्याचं भांडण झालेलं असतं."

मी म्हटलं, पुन्हा फोन करू. केला. दिरानं उचललाच नाही. तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन, आकडे कुठं अडकले? मॅडमनी सांगितलं, एका बाईसाठी अडकलेत. साहेब हसले असावेत, कारण मॅडमचे कान लाल झाले.

"एका बाईनं टक्का हलत नाही म्हणता? नका हलवू. मी हलते."

आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "चल." मी डबा उघडला होता. मेथीची भाजी होती. मॅडम दारात उभ्या. "अगं, नोंदीत ती मेली म्हणजे आपला फोन बंद. गोळ्या संपल्या का, तपासणीला आली का, विचारणार कोण? मेलेल्या बाईला गोळ्यांची आठवण कुणी करतं का?" मी डबा बंद केला.

पॅसेंजरनं आम्ही लासूरला उतरलो. मोंढ्यात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, मक्याच्या गोण्या उतरत होत्या, रस्ताभर भुसा उडत होता. विचारत विचारत घर गाठलं. दीर दारातच भेटला. धिप्पाड माणूस, पण आमची ओळख सांगितल्यावर त्याची नजर पायाकडं गेली.

"सांगितलं ना फोनवर. गेली."

"कुठं?" मॅडमनी विचारलं.

"गेली म्हणलं ना एकदा!"

बाई मेली असती तर हा असा चिडला नसता, हे आता मलाही कळत होतं. पण तो पुढं बोलेना. मॅडम सरळ ओसरीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी मिळेल का?" आतून सासूनं चकचकीत तांब्या-पेला आणला. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. बाहेरच्या खिडकीत, साबणाच्या वडीशेजारी एक स्टीलचा पेला पालथा पडला होता.

"त्यात द्या."

"अवो, त्यात नका," म्हातारी गडबडली. "त्यो सुनीताचा हाय."

मॅडम हसल्या. एवढं मोकळं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. उठून त्यांनी स्वतः तो पेला घेतला, तांब्यातलं पाणी ओतलं आणि उभ्याउभ्या प्यायल्या. म्हातारी बघतच राहिली.

"आजी, मेलेल्या माणसाच्या वस्तूला कुणी 'हाय' म्हणतं का? कुठं आहे सुनीता?"

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दिराकडं बघत होती, पण बोलली. "भावाकडं. मुकुंदवाडीला. हिथं ताट येगळं, पाणी येगळं. म्या बी केलं बाई, खोटं काहून बोलू. नवरा काय बोलला नाय. एक दिस पिशवी उचलली आन् गेली."

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीशी बसल्या. आपलं स्टेशन आलं. मी पर्स सावरून उठले. मॅडम हलल्याच नाहीत.

"उतरायचं ना?"

"मुकुंदवाडी पुढं आहे."

मुकुंदवाडीत उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. स्टेशनामागच्या वस्तीत आम्ही सुनीता, सुनीता विचारत फिरलो. कुणाला ठाऊक नव्हती. म्हातारीनं दिलेलं भावाचं नाव सांगितलं तर म्हणे, त्याच्याकडं त्याची बहीण असते, पण तिचं नाव सुनीता नाही. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या नाही, स्वतःच्या. "बाई एकच मोजायची म्हणून मी जगाला शिकवते आणि माहेरचं नाव विचारायला विसरले!" मग त्या भावाच्या दारात पापड वाळत घालणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "इथं बहीण असते तिचं नाव काय?"

"मीच की. गया."

सासरची सुनीता, माहेरची गया. आमच्याकडं बघून ती कावरीबावरी झाली. ओळख पटल्यावर तिनं पापडाची परात खाली ठेवली आणि बोलायला लागली. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. फोन नंबर दिराचा होता, त्यामुळं आमचे निरोप तिथंच अडत. भावाला किती खर्चात पाडायचं म्हणून तिनं विषयच काढला नव्हता. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "काखंत बारीक गाठ लागतेय. पंधरा दिस झाले. कुनाला बोलले नाय."

मी दचकून मॅडमकडं पाहिलं. त्या दारातच खाली बसल्या. "पाणी दे," म्हणाल्या. गयानं आतून पेला आणला. प्यायल्यावर त्यांनी तोच माझ्या हातात दिला, आणि या वेळी माझा हात अडखळला नाही.

"उद्या सकाळी मी रिक्षा घेऊन येते. तयार राहा."

"पर मॅडम," गया म्हणाली, "एक करा. सासरी सांगू नका. तिथं मी गेलेलीच बरी."

"आणि आमच्याकडं काय लिहू?"

गयानं पदर डोक्यावरून नीट घेतला. "तुमच्याकडं हाय म्हनून लिव्हा."

दुसऱ्या दिवशी मॅडम खरंच रिक्षा घेऊन गेल्या. रोग परत डोकं वर काढत होता, पण वेळेत सापडला असं डॉक्टर म्हणाले. पुढचे महिने सोपे नव्हते. केस गेले, तोंड आलं, दोनदा ती उपचार सोडून देते म्हणाली, आणि दोन्ही वेळा मॅडम तिच्या दारात जाऊन पाणी मागत बसल्या. फोनसाठी भावाचा नंबर घेतला, मग तिचा स्वतःचा. साहेबांकडं आकडे उशिरा गेले. टक्का हलला की नाही ते मला माहीत नाही. गया वाचली ते माहीत आहे.

मी मॅडमवर पुष्कळ चिडले आहे. जेवणावरून उठवलं म्हणून, चपलेवरून, उन्हातान्हात फिरवलं म्हणून. पण कुणी मला विचारलं की तू आयुष्यात कुणाच्या हाताखाली काम केलंस, तर अभिमानानं सांगावं असं एकच नाव माझ्याकडं आहे. तेही त्यांना आवडायचं नाही म्हणून इथं लिहीत नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. आता औरंगपुऱ्यात खालच्या ठोकाठोकीवर आवाज चढवत बसतात आणि जावईबापूची खुशाली विचारतात. ऑफिसात नवी ऑपरेटर आली आहे, चुणचुणीत आहे, पण तिला मी अजून सगळं शिकवलेलं नव्हतं. परवा दुपारी फोन वाजला. तिनं घेतला.

"मॅडम? कोण मॅडम? अच्छा, त्या. त्या गेल्या ना." मग जरा थांबून, "अहो, गेल्या म्हणजे गेल्या!" मग पुन्हा थांबली आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडं वळली. "ताई, ही बाई ऐकतच नाही. सारखं एकच विचारतेय, कुठं?"

मी खुर्चीवरून उठलेच. फोन ओढून घेतला. मॅडमची ही खोड उचललेली बाई एकच होती.

"गयाबाई, मी बोलते. मॅडम रिटायर झाल्या. घरी आहेत, औरंगपुऱ्यात. ठणठणीत आहेत."

पलीकडून मोठा श्वास सुटल्याचा आवाज आला. "अवो ताई, मग तसं नीट सांगावं का नाय त्या पोरीनं? जीवच गेला ना माझा!"

इतक्या वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठं?"

गया हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, मग पुन्हा हसली.

"हिथंच हाय, ताई," ती म्हणाली. "हिथंच हाय. लिव्हून घ्या."